स्पीकरांची वाटणी

"दोन हायत न्हवं? मग भांडण कशाचं! एक थोरल्याला, एक धाकट्याला."

आजोबा गेल्यावर लातूरला त्यांच्या खोलीत वाटणी चालली होती आणि बाबांचे उदगीरचे मामा पंच म्हणून गादीवर बसले होते. तांब्याचे हंडे त्यांनी असेच निकालात काढले होते. आता आजोबांचे स्पीकर. आत्याच्या वाट्याला एक साडी आली होती, आणि सगळ्यांचा चहा करायचा मान.

"पोरीला विचारा की, तीच बसायची त्यांच्यासंगं ऐकत," आत्या आतून म्हणाली.

"तिला काय इचारता? मराठीत लाजती, अन् इंग्रजीत बोलली तर आपल्याला कळत न्हाई," काका म्हणाले. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. आपणही हसलं की विषय लवकर संपतो, हे कुठल्याच मिडियमला शिकवत नाहीत.

आजोबांची धान्याची आडत होती. घरातली त्यांची खोली एवढीशी, भिंती उघड्या, आवाज घुमायचा. म्हणून त्यांनी मागच्या भिंतीवर रिकामी पोती घडी करून टांगली होती. पाहुणे विचारायचे, गोदाम घरात आणलं का? स्पीकर कोपऱ्यांतून ओढून हातभर पुढे, तोंडं जराशी आत वळवलेली, आणि समोर एकच खुर्ची. तिच्यात मला बसवून ते स्वतः पलंगावर बसत. त्यांच्या जुन्या गाण्यांत गाणारी बाई डावीकडे खिडकीपाशी उभी असायची, तबला आणि पेटी उजवीकडे कपाटापाशी. मध्ये मोकळी जागा. त्या घरात मला न मागता मिळालेली तेवढीच.

नांदेडला उजवा स्पीकर आला. बाबांनी तो शोकेसमध्ये कोंबला, वर प्लॅस्टिकची फुलं ठेवली. ॲम्प्लिफायर काकांकडे राहिला होता, म्हणून एक छोटा नवा घेतला. आजोबांची गाणी पेनड्राइव्हवर होती, ती लावली. नुसता तबला. बाईचा पत्ता नाही. बाबांनी वायर बदलली, बेस वाढवला, शेवटी शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या.

"मामांनी बघून त्याला चांगला दिला," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडं कायम उरलेलंच येतं," आई म्हणाली.

लातूरला डावा फ्रिजवर चढला होता. तिथे नुसती बाई, ठेका नाही, देवळात एकटीच आरती म्हणत असल्यासारखी. काकांचा फोन आला, "दादा, तबला कुठं गेला सांग." दोन गावांत एकच गाणं अर्धं अर्धं वाजत होतं आणि दोघा भावांना चोर सापडला होता.

मला कारण माहीत होतं. सांगायचं वाक्य मी रोज जुळवायचे आणि जेवणाच्या ताटाबरोबर उचलून ठेवायचे.

शेवटी मामांनी फोनवर निकाल दिला, अदलाबदल करा. म्हणून आजोबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला नांदेडहून लातूरला उजवा स्पीकर गेला, सगळा रस्ता माझ्या मांडीवर.

खोलीतली पोती काकूंनी केव्हाच काढली होती. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. जेवणं झाल्यावर बाबांनी काकांचा स्पीकर उचलला, काकांनी आमचा.

"ह्यो जड लागायलाय," काका म्हणाले.

"बघा! म्हणजे आता मला हलका मिळतोय तर," बाबा मामांकडे वळले.

दोन मोठे पुरुष एकेक खोकं कडेवर घेऊन वजन करत उभे होते. मामांनी विचारलं, "झालं का दोघांचं समाधान?"

दोन्ही स्पीकर पहिल्यांदाच पुन्हा एका खोलीत होते, आणि संध्याकाळी पुन्हा नसणार होते. मी खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले.

"काका, तो खाली ठेवा. बाबा, तुम्हीपण."

"काय म्हणायलीय ती?" मामांनी आत्याला विचारलं.

"मला दोन्ही पाहिजेत," मी म्हणाले. "आणि ही खुर्ची."