सुहासच्या सायकलमागे

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचते. बोईसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते मी. आमच्या स्टाफरूमच्या दाराला कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती, ती मी सगळ्यांदेखत काढून घरी नेली. मिरच्या आमटीत गेल्या, लिंबाचं सरबत झालं... कुणाला काही झालं नाही. तेव्हा आज हे लिहायला बसल्यावर माझा मलाच राग येतोय. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

सुहास म्हणजे माझा नवरा. एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. रविवारी पहाटे सायकली काढायच्या, हा आमचा दोघांचा नेम. कधी तारापूरच्या किल्ल्याच्या भिंतीजवळून चिंचणीकडे, कधी माहीम-केळव्याच्या वाड्यांमधून, कधी वाणगावच्या बाजूला मिरचीची शेतं बघत. गप्पा नाहीत, गाणी नाहीत, नुसता साखळीचा आवाज. आमच्या संसारातली सगळ्यात सुखाची वेळ ती, हे मी लग्नाच्या वाढदिवसालाही त्याला सांगितलेलं नाही.

मग त्याला अटॅक आला. स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, हळूहळू सायकल सुरू करा. पण माणसाचा धीरच गेला होता. गोळ्यांची छोटी डबी कायम खिशात आणि हात कायम त्या खिशावर. मी शाळेत गेले की हा दिवसभर घराचं दार सताड उघडं ठेवून बसायचा... काही झालंच तर शेजाऱ्यांना दार फोडावं लागू नये म्हणून! मी चिडायचे, चेष्टा करायचे, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे. मला माझा नवरा परत हवा होता, बाकी काही नको होतं.

शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी मी त्याला जवळजवळ ढकलतच बाहेर काढला. बेटेगाववरून चिल्हारच्या रस्त्याला लागलो आणि ट्रकांची वर्दळ नको म्हणून आत एका कच्च्या रस्त्याला वळलो. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या लोक रील करायला जातील. भात कापून झालेलं, शेतं रिकामी, रस्त्यावर पिठासारखी बारीक धूळ. पाड्यातली निम्मी घरं बंद होती, माणसं कामाला बाहेरगावी गेलेली. पाडा ओलांडला की थोडा चढ आणि मग खिंड. डोंगरावरच्या किल्ल्याकडून बंदराकडे जाणारी बैलांची जुनी वाट हीच, असं तिथले लोक सांगतात. खिंडीच्या तोंडाशी वाघोबा आहे... शेंदूर फासलेला लाकडी खांब, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. पायथ्याशी सुकलेल्या डहाळ्यांचा ढीग.

सुहासला तिथे दम लागला. म्हणजे दम सगळ्यांनाच लागतो, पण याने सायकल आडवी टाकली आणि छातीला हात लावून खाली बसला. "मला नाही जमणार," म्हणाला. "पुन्हा आणू नकोस मला."

शेजारच्या शेताच्या तुकड्यात एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती. रत्नीबाई तिचं नाव. तिने पाणी दिलं, काय झालं ते विचारलं, मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती सुहासकडे. मग म्हणाली, यांचं त्याला सांगितलंय का कुणी? कुणाला, ते माझ्या लक्षात येईना. तेव्हा तिने समजावलं. नवी सून, तान्हं पोर, आजारातून उठलेलं माणूस, असं कुणी पहिल्यांदा खिंडीत आलं की त्याला वाघोबासमोर उभं करून ओळख करून द्यायची पद्धत आहे. नंतर त्या माणसाची काळजी वाघोबा घेतो.

तिने सुहासच्या हातात एक डहाळी दिली, ती खांबापाशी ठेवायला लावली आणि शेजारणीशी बोलावं इतक्या सहज म्हणाली, "हा सुहास. आमचा हाय. याला वळख."

मग माझ्याकडे वळून तिने माझं नाव विचारलं. मी हसून म्हटलं, "मला नको, मी धडधाकट आहे." तिने आग्रह केला नाही.

परतताना सुहास पुढे, मी मागे. तो मध्येच ब्रेक मारतो म्हणून मी नेहमी चांगलं अंतर ठेवते. सकाळची कोवळी उन्हं, रस्ता सरळ, माझी नजर सारखी त्याच्या पाठीवर... कधी थांबतोय आणि कधी नाही, याच धास्तीत मी होते. तो थांबला नाही. एकदाही नाही. पाड्यातली कुत्री जाताना आमच्यावर तुटून पडली होती. आता सुहास जवळ आला तशी ती एकेक करून पोट जमिनीला टेकून बसली. मला वाटलं, ओळखीची झाली. एका अंगणातला बैल मात्र दाव्याला हिसके देत मागे सरत होता.

डांबरी रस्ता लागतो तिथल्या मोरीच्या कठड्यावर आम्ही थर्मासमधला चहा घ्यायला टेकलो. सुहासचा चेहरा मला किती महिन्यांनी असा मोकळा दिसला. म्हणाला, "किती जवळून चालवत होतीस गं? अख्खा रस्ताभर पाठीवर तुझा श्वास लागत होता. बरं वाटलं पण."

मी म्हटलं, काहीतरीच काय, मी केवढी लांब होते. तो हसला. मग सवयीने खिशाकडे हात गेला आणि चेहरा उतरला. डबी नव्हती.

मी एकटी जाऊन शोधते म्हटलं, तर त्याला एकट्याला बसायचं नव्हतं. सायकली हातात धरून दोघं धुळीच्या रस्त्याने मागे निघालो. जाताना आम्ही दुसऱ्या कडेने गेलो होतो, त्यामुळे परतीच्या खुणा वेगळ्या दिसत होत्या. त्याच्या टायरची जाड, खाचांची रेघ. माझी बारीक रेघ. आणि त्या दोघींबरोबर... पावलं.

माझा पंजा पसरून ठेवला तर आत मावेल, एवढी. चार बोटं, खाली रुंद तळवा, नखं नाहीत. खिंडीकडून डांबरी रस्त्याकडे चाललेली, संथ, एका लयीत.

मी शिक्षिका आहे, मी आधी कारण शोधते. कुठलंसं जनावर आमच्या आधी गेलं असेल. पण पावलं सुहासच्या टायरच्या रेघेवर उमटली होती, खाचा दाबून. मग आमच्यानंतर आलं असेल. तर त्याच पावलांना मधोमध कापत माझ्या टायरची रेघ गेली होती. मी खाली वाकून पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं, परत पाहिलं. सगळीकडे तेच. सुहास गेल्यानंतर आणि मी जाण्याआधी. आमच्या दोघांच्या मध्ये. लख्ख उजेडात, आणि मी पूर्ण वेळ तिथेच बघत होते!

डबी थोडी पुढे सापडली, एका पावलाला लागून. सुहास उकिडवा बसला. त्याने डबी उचललीच नाही. आपला तळहात त्या पावलात हळूच ठेवला.

"म्हणजे तू नव्हतीस," तो म्हणाला.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी चपला काढल्या. का काढल्या, विचारू नका. पावलं आम्ही मागे मागे पाहत गेलो. ती खांबापासून निघाली होती, डहाळ्यांच्या ढिगापासून. ढिगाच्या पलीकडे किंवा आजूबाजूला एकही पाऊल नव्हतं. रत्नीबाईला दाखवलं तर ती शेंगा तोडता तोडता म्हणाली, "वळखला मंग."

मी फोटो काढले आहेत. वनखात्यात असलेल्या एका ओळखीच्यांना दाखवले. ते म्हणाले, बिबट्या. या भागात वाघ कुठून येणार, आमच्या आजोबांच्या काळातच संपले. आकाराचं विचारलं तर म्हणाले, धुळीत ठसा पसरतो. मग मी टायरच्या रेघा दाखवल्या. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. पुढे कोण होतं, मागे कोण होतं, ते विचारलं. मग त्यांनी मला मोबाईल परत दिला आणि चहाचं विचारलं.

सुहास आता एकटा सायकलवर जातो. घराचं दार लावून घेतो. गोळ्या बरोबर नेतो, पण मी आठवण केली तर. परवा तो निघताना मी म्हटलं, एकटा फार लांब जाऊ नकोस. तो पॅडलवर पाय ठेवून म्हणाला, "एकटा कुठे असतो मी?"

मनाचा खेळ म्हणाल, तर मन धुळीत पावलं उमटवत नाही. बिबट्या म्हणाल, तर तो मला दिसला का नाही? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर सांगा.

गेल्या रविवारी सुहासला न सांगता मी एकटीच त्या खिंडीत गेले होते. डहाळी ठेवली. रत्नीबाईला माझं नाव सांगितलं आणि तिने ते पुढे सांगितलं. परतताना डांबरी रस्त्यापर्यंत सावकाश आले. तिथे थांबून मागच्या धुळीकडे पाहायची काही गरज वाटली नाही, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे पाठीवर श्वास लागत होता, आणि वळून बघायचा धीर झाला नाही.