छातीभर पाण्यातला सूर

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळी आटोपली, तशी पुण्याहून नागपूरला आलो, तिथून एस.टी.ने भंडारा गाठलं आणि वैनगंगा ओलांडून कारध्याला उतरलो. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) आणि तिच्यात भरदिवसा रंगणारी दंडार (नाचगाण्याचा लोकखेळ) पाहायची होती. मी हौशी नट. आवाज खणखणीत असल्याचा मला भारी तोरा.

सकाळी घाटावर गेलो आणि थक्क झालो. छातीभर पाण्यात उभा एक माणूस एकच सूर लावून होता. काठावर एका बाईने लुगडं पिळलं, झटकलं, दगडावर पसरलं, तरी सूर चालूच! लुगड्याचा काठ सरळ झाला तेव्हाच तो थांबला.

"आज पुरला," ती म्हणाली. ती त्याची बायको, अनसूयाबाई. तो दंडारीचा शाहीर सुकराम.

"पाण्यात का गाता?" मी विचारलं.

"पाणी छातीले दाबते जी. दम घ्याचा म्हणलं त त्याले ढकलाच लागते. बरगड्यांले, पोटाले जोर येते. मंग वर हवा हलकी लागते."

पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून खोकल्याने दम तुटत होता. परवाच्या मंडईत शेवटचा सूर तुटला, तर शाहिरी दुसऱ्याकडे जाणार होती. लुगडं हे त्या दोघांचं माप: ते पिळून, पसरून होईपर्यंत सूर टिकायला हवा.

"थोडं भरभर पिळा की," मी अनसूयाबाईंना म्हणालो.

"नाही बापा. घाई केली त यांले खोटं बळ येईन."

मलाही चेव आला. पाण्यात उतरलो, 'आ' लावला आणि घोटभर वैनगंगा पिऊन बाहेर आलो. सुकराम पोट धरून हसला.

मंडईच्या दिवशी उकडलेले शिंगाडे खात मी अनसूयाबाईंशेजारी बसलो. ऊन चढलं होतं, ढोलकी तापली होती. सुकरामने शेवटचा सूर लावला. मागचे झीलकरी (सूर उचलून धरणारे साथीदार) तयारीत होते. त्याने हात वर केला की ते सूर उचलणार. अनसूयाबाईंच्या हातात पदर होता. त्या तो पिळत होत्या, घाटावरच्याच संथपणे. पदर झटकला. सुकरामच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण हात वर गेला नाही. पदर गुडघ्यावर पसरला गेला, काठ सरळ झाला आणि मगच सूर उतरला. लोक ओरडत होते. माझे डोळे भरून आले. माणसाच्या छातीत एवढं काही मावतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

अनसूयाबाई तिथूनच ओरडल्या, "आता खोका!" आणि सुकराम पोटभर खोकला.

पुण्याला परतलो आणि हा किस्सा बायकोला सांगितला. मग ती धुणं पिळायला लागली की मी शेजारी सूर लावायचो. बरेच दिवस तो पिळण्यातच संपायचा. एक दिवस मात्र साडी दोरीवर पडेपर्यंत टिकला. आनंदाने तिच्याकडे वळलो, तर साडीतून पाण्याची धार लागली होती.