थंडीपुरती जपानी गाणी

अख्ख्या पोलादपूर तालुक्यात जपानी गाण्यांनी थंडी पळवून लावणारा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्याचं घर. दिवाळी सरून घाटावरून गार वारा उतरायला लागला की लोक माळ्यावरून घोंगड्या काढतात, मामा टेपरेकॉर्डर काढतो. मुंबईत गॅरेजात कामाला असताना एका जपानी गाडीत त्याला एक कॅसेट सापडली. गाडीचा मालक म्हणाला, "ठेव तुलाच." मामाने ती आजतागायत ठेवली आहे.

गाणी मोठी हलकीफुलकी. एक बाई गाते, मागे गिटार झुळझुळते, आणि मामाच्या मते हे सगळं भर उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर चाललेलं असतं. "तुला काय कळतं त्यातलं?" मी एकदा विचारलं. "अरे, स्वेटर घालून असा आवाज निघंल का?" असं म्हणून तो पहाटेच्या गारठ्यात नुसत्या बनियनवर अंगणात बसला, आणि नंतर दोन दिवस शिंकत होता. या गाण्यांवर म्हैस पान्हा सोडते, असाही त्याचा दावा आहे. म्हैस मात्र कायम मामीच्याच हाताला दूध द्यायची.

गाव हसायचं, त्याचं मामाला काही नव्हतं. त्याला हवं होतं एवढंच, की मामीने एकदा तरी गाण्यांना बरं म्हणावं. मामी म्हणायची, "बंद करा ती चिनी रडगाणी."

"जपानी गो!"

"असतील तिकडचीच कुठली."

खरी झुंज जुंपायची पोपटीच्या वेळी. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात ठासायचा आणि मडकं जाळात उपडं घालायचं. सारा मुलूख तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतो. चर्र वाजलं की पोपटी झाली. मामाचा हिशेब निराळा. कॅसेटची एक बाजू संपली की झाली! बाजू संपताच तो मडकं ओढायला काठी घेऊन उठायचा आणि मामी त्याला दंडाला धरून खाली बसवायची. तो चरफडत कॅसेट उलटी करायचा. मग मामी तिच्या मर्जीने केव्हातरी पाणी मारायची, आणि पोपटी अशी उतरायची की बोलायची सोय नाही.

यंदा दम्यामुळे डॉक्टरांनी मामीला थंडीभर मुलाकडे, मुंबईला राहायला सांगितलं. मामाच्या हाती प्रथमच निर्वेध सत्ता आली. पोपटीच्या संध्याकाळी आम्ही सगळे जमलो, बाजू संपली, मडकं उघडलं. शेंगा कच्च्या! आम्ही निमूटपणे चावत बसलो. तेवढ्यात मामीचा फोन आला. मामाने तो स्पीकरवर टाकला.

"कशी झाली पोपटी?"

"एक नंबर!" मामा ठोकून मोकळा झाला.

"कच्ची ऱ्हायली ना? एका बाजूत नाय होत ती. कॅसेट उलटी करायची, वर आणखी दोन गाणी. दुसऱ्याच्या शेवटाला ती बाई नुसतीच गुणगुणते ना, ती थांबली की पाणी मारायचं. मी दर साली तवाच मारते."

"म्हणजे... तू ऐकत व्हतीस?"

"तर काय कान बंद करून बसू? बरी हायत गाणी."

"मग कधी येतेस गो?"

"डॉक्टर सोडतील तवा."

मला तिथे बसवेना. उगाच जाळ सारखा करायला उठलो.

आता शिमगाही होऊन गेला. महाडकडून येताना एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटके देते. डॉक्टरांनी मामीला अजून सोडलेलं नाही. परवा गेलो तर भर उन्हात टेपरेकॉर्डर ओटीवरच होता. माळ्यावर टाकू का, म्हणून मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे रे," मामा म्हणाला. "तिनं यंदा ऐकलीच नायत."