दुर्बिणीत सरळ उभा असलेला माणूस

आधीच सांगतो, मी आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. अमावस्येला प्रवास टाळणाऱ्यांची मनसोक्त टिंगल केली आणि अजूनही करतो. खालचं वाचून 'म्हातारपणी चळला' असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... घडलं ते असं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी नुकताच एम.एस्सी. होऊन आमच्या सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो होतो. मोठ्या दुर्बिणीतून तारा पाहिला की तो थरथरतो, कारण मधली हवा सारखी हलत असते. परदेशात तेव्हा विचार चालला होता की हवा हलेल तसा आरसाच क्षणोक्षणी वाकवायचा आणि प्रतिमा स्थिर करायची. हल्ली त्याला अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. आमच्याकडे तसला आरसा कुठून येणार? सर म्हणाले, निदान हवा किती हलते ते तरी मोजू. म्हणून नगर जिल्ह्यात, सुप्याजवळच्या उघड्याबोडक्या माळावर आम्ही मुक्काम ठोकला. समोरच्या लांबवरच्या टेकडीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी उभी केली. तिच्या शेजारी छत्री घेऊन सर बसत, आणि मी इकडे, जिच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या हिराबाईंच्या पडवीतून त्या पट्ट्या किती नाचतात ते दुर्बिणीतून मोजत असे.

ताऱ्यांच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. टेकडी वरून लोंबते, माणसं डोकं खाली, पाय वर. ताऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. हिराबाईंनी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, "तुमचं सर तर वाघळावानी लोंबत्यात की, मास्तर." मी मास्तर नव्हतो, पण त्यांनी मला मास्तरच करून टाकलं.

तशी हसायला त्या बाईला जागा नव्हती. पंचविशीच्या असतील. नवरा, रंगनाथ, ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हारकडे गेला होता. एका दुपारी अंघोळ करून येतो म्हणून प्रवरेवर गेला तो परतलाच नाही. कुणी म्हणे वाहून गेला, कुणी म्हणे मुंबईला पळाला. प्रेत मिळालं नाही. दोन हंगाम उलटले. हिराबाईंचा थोरला भाऊ त्यांचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं ठरवून न्यायला आला होता, सासूचीही ना नव्हती. पण बाईचं एकच म्हणणं — त्यो गेला म्हनून कुनीतरी नक्की सांगा, मंग येते. आणि ते कोण सांगणार?

भाऊ आला त्या दिवशी दुपारी घरात त्याचं समजावणं चालू होतं आणि मी पडवीत माझं काम करत होतो. ऊन असं की फळीवरच्या पट्ट्या नुसत्या उकळत होत्या. आणि एकदम मला फळीशेजारी एक माणूस दिसला. स्वच्छ. डोक्याचं मुंडासं, खांद्यावरचा कोयता, मुंडाशाचं सुटलेलं टोक... सगळं रेखीव. मला आनंदच झाला! वाटलं, हवा थांबली, अशी प्रतिमा महिन्याभरात मिळाली नव्हती.

मग लक्षात आलं की शेजारी सरांची छत्री तशीच नाचतेय. फळीही नाचतेय. एकाच हवेतून येणारा प्रकाश, मग हा एकटाच स्थिर कसा? आणि याहून वाईट गोष्ट कळायला मला आणखी थोडा वेळ लागला, कारण उलटं बघायची सवय झालेली. सर उलटे होते, टेकडी उलटी होती. तो माणूस सरळ उभा होता.

मी भिंग पुसलं, डोळा बदलला. तो तिथेच. खात्री करावी म्हणून मी हिराबाईंना हाक मारली आणि काहीही न सांगता फक्त विचारलं, तिकडे गावातलं कोण आलंय बघता का?

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. नळीवरचा त्यांचा हात मला दिसत होता, तो हलला नाही.

"मास्तर," त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "ह्यात जित्तं मानूस उलटं दिसतं न्हवं?"

"हो."

"आन् हलतं?"

"हलतंच. हवाच तशी आहे."

त्यांनी मान डोलावली. सरळ झाल्या, पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं आणि आत जाऊन भावाला म्हणाल्या, "चल. येते म्या."

मी पुन्हा पाहिलं तर फळी होती आणि उलटे सर होते, बाकी काही नाही. संध्याकाळी सर टेकडीवरून आले. दिवसभर तिकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं.

डोळ्यांवर ताण, उन्हाचा भ्रम — सगळं मानायला मी तयार आहे. पण मग दोघांना तोच भ्रम कसा? मी तर रंगनाथला कधी पाहिलेलंही नव्हतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या बाजूला गेलो की आधी एकच चौकशी करायचो, हिराबाईंचा पहिला नवरा परत आला का? लोक म्हणायचे, छे, न्हाई आला. ते ऐकून मला दर वेळी हायसं वाटायचं. एक माणूस जिवंत परतला नाही म्हणून... हायसं.