जुन्या बँकेची कमान

वैजीनाथ गवंड्याला सकाळपासून भाकर गिळवेना. आज गंगाखेडातल्या जुन्या बँकेच्या कमानीखालचं सेंट्रिंग, म्हणजे लाकडी आधार, काढायचं होतं, आणि त्याच्या घराण्याचा रिवाज असा की ज्यानं कमान बांधली त्यानंच आधार निघताना तिच्याखाली उभं राहायचं. रिवाज घालून देणाऱ्याचं काय जातंय म्हणा, डोकं तर वैजीनाथचं होतं.

निजामाच्या अमदानीत कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी ही बँक उभी राहिली. पुढं बँक दुसरीकडं गेली, तिजोरीच्या खोलीत सरकीची पोती आली, मग पिंपळ उगवला अन् त्याच्या मुळांनी दाराची कमान फोडली. आता तिथं वाचनालय व्हायचं होतं. इंजिनिअर ओमप्रकाश साहेबांना काम जुन्यासारखं चुन्यातच पाहिजे होतं, आणि सारा तालुका पालथा घातल्यावर चुन्यातला गवंडी सापडला तो हा एकच. बारवांची डागडुजी करता करता वैजीनाथ बापाच्या हाताखाली शिकला होता. पण बाप गेल्यावर चुन्याला कोण विचारतो? वीस वर्षं त्यानं ऊस तोडला, नाहीतर सिमेंटची कामं केली. एवढी मोठी कमान याआधी एकट्यानं कधी बांधली नव्हती.

चुना म्हणजे सिमेंट नव्हे, बाबा. महिनाभर ओल्या पोत्यात तान्ह्या लेकरावाणी जपावं लागतं. वैजीनाथनं जपलं. मधे चार दिवस तेवढा तो भाचीच्या लग्नाला राणीसावरगावला गेला अन् पाणी मारायचं काम बायकोवर, कोंडाबाईवर सोपवलं. आल्यापासून दहादा विचारून झालं होतं. ती "मारलं की" म्हणायची आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायची. ते लगेच कामाला लागणंच त्याला खुपत होतं.

तो कमानीखाली जाऊन उभा राहिला.

"वैजीनाथ, बाहेर या. कशाला हे?" साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब. आमच्यात असंच असतंय."

गड्यांनी आधाराखालची पहिली पाचर ठोकून काढली. वरून चिमूटभर चुना वैजीनाथच्या खांद्यावर पडला. तेवढ्यात कोंडाबाई पदर खोचून आत आली आणि त्याला खेटून उभी राहिली.

"तू कशाला आलीस? जा बाहेर."

"तुमी नव्हता तवा मला दोन दिस ताप होता. पाणी न्हाई मारलं." ती खाली बघत होती. "लय भ्या वाटलं सांगायला."

वैजीनाथच्या ओठापर्यंत शिवी आली. दुसऱ्या पाचरीवर हातोडा उचललेला होता.

"थांबा," तिचा हात धरून तो ओरडला. "पाचर परत ठोका. कमान कच्ची हाय."

साहेबांचा चेहरा उतरला. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. "कच्ची कशी राहिली?"

"पाणी मारायला मी चुकलो," वैजीनाथ सगळ्यांसमोर म्हणाला. "अजून पंधरा दिवस भिजवतो. मग बघू."

पाचर बसली, तेव्हा कोंडाबाई पुटपुटली, "पंधरा दिसांनी मी बी येणार हितं उभी राहायला."

"येशील. आधी पाणी आण," तो म्हणाला, पण त्याला तिचा हात सोडवेना.