आबांची ती गोळी आम्ही बंद केली

आज डॉक्टरांनी माझी साखर पाहिली आणि मग विचारलं, "कशात मन लागतं का?" मी नाही म्हणाले, तर विचारलं, "असं उदास आधीही वाटलं होतं?" मला एकदम माझे वडील, आबा आठवले.

नव्वदच्या दशकात आबा सुरतला कापड विणायचा लूम चालवायचे. डायबेटिस होता. लूमच्या खडखडाटात माणसं दिवसभर हातांच्या खुणांनीच बोलतात. त्यामुळे ते घरीही गप्प राहू लागले, तेव्हा कोणाला वावगं वाटलं नाही. जेवण सोडून भिंतीकडे तोंड करून पडले, तर आई म्हणाली, "साखर वाढली असंल," आणि कारल्याचा रस दिला.

शेवटी दवाखान्यातून मनासाठी वेगळी गोळी मिळाली. दोन महिन्यांत आबा हसायला लागले. मीच आईला म्हणाले, "आता बरे झालेत. साखरेच्या गोळ्या आहेतच, ही कशाला?" आणि ती बंद झाली.

वर्षभरात ते पुन्हा भिंतीकडे वळले. या वेळी साखरेच्या गोळ्याही घेईनात. त्या आम्हाला गादीखाली सापडल्या, ते गेल्यानंतर.

आज मलाही मनासाठी गोळी दिलीय. मुलगी म्हणाली, "मम्मी, बरं वाटलं की बंद कर हां."

आजोबा साखरेने गेले, एवढंच तिला माहीत आहे. तुमच्या घरी अशा आजारांबद्दल मुलांना काय सांगितलंय?