नऊ नंबरची पिशवी

सोसायटीत माझं नाव 'कचरावाल्या मॅडम' पडलं, त्याला कारण माझं एम.ई.चं प्रोजेक्ट. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बारा घरांचा ओला कचरा आठवडाभर गोळा करायचा. तो किती जड, किती ओला, दाबला तर किती बसतो, हे मोजून त्याचे वर्ग पाडायचे. त्यावरून खताचा खड्डा केवढा हवा ते ठरतं. पण आपण काय खातो ते ही मुलगी बघणार, या धास्तीनं कुणी तयार होईना. मग पिशव्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. वाटल्या सेक्रेटरी काकांनी. कुठला नंबर कुणाचा, ते त्यांनाच ठाऊक; आमच्या घरचीही परस्पर आईच्या हातात गेली.

आईचं वेगळंच. पप्पांनी सगळी नोकरी कचऱ्याच्या गाडीवर काढली. "एवढं शिकून शेवटी तेच?" म्हणाली आणि गप्प झाली, ती झालीच. आमच्या घरात एवढी शांतता कधीच नव्हती. ती कधी बोलेल, याचंच मला टेन्शन.

अकरा पिशव्या शहाण्यासारख्या वागल्या. मेथीची देठं, चहाचा चोथा, बोंबलाची डोकी, सगळं ठीक. नऊ नंबरनं मात्र डोकं खाल्लं. पिशवी रोज गळायची, आणि कॉलेजच्या भट्टीत वाळवली की मूठभरही उरायचं नाही. सर म्हणाले, "हे एक घर सगळी सरासरी बिघडवतंय. कारण शोध, नाहीतर आठवडा पुन्हा." सबमिशन सोमवारी. जेवताना मी नऊ नंबरच्या बाईचा मनसोक्त उद्धार केला. आळशी मेली, आमटीसकट ओतत असेल. आई भाकरी वाढत राहिली.

शनिवारी सकाळी लवकर जाग आली. मोरीत नळ वाहत होता. बघते तर आई पाटावर बसून बटाट्याची सालं धुतेय, तांदूळ धुवावेत तशी, चांगली तीन पाण्यांतून. शेजारी पिशवी, तिच्यावर माझ्याच अक्षरात नऊ.

"अगं, हे काय?"

वर न बघताच ती बोलली. "तुझ्या बापाचे हात रोज संध्याकाळी साबणानं धुतले म्या. वास काय जात नव्हता. तुझे बी तसलेच व्हायचे का? म्हणून कचराच धुतला."

"मी हातमोजे घालते गं," म्हणता म्हणता मला रडूच आलं.

सोमवारी सरांपुढे तक्ता ठेवला. नऊ नंबरपुढे कारण लिहिलं होतं: हे पाणी कचऱ्यातलं नाही, माझ्या आईनं घातलेलं आहे.